सत्तेचाळीस लाल ओळी

एकूण ओळी एकशे चौसष्ट होत्या. त्यांतल्या एकशे सतरा हिरव्या, सत्तेचाळीस लाल. खाली बेरीज छापून आली होती, तरी मी पडद्यावर बोट ठेवून एकेक मोजली. बेरीज बरोबर होती. मग मी लाल ओळींपुढची नावं वाचायला घेतली. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस निलोफरच्या होत्या. माझी एकही नव्हती.

“झालं का मोजून?” महांतेश सर मागून म्हणाले. “का अजून एकदा मोजतीस?”

“झालं, सर. सत्तेचाळीस फेल. सगळ्या निलोफरच्या.”

शेवटचे दोन शब्द बोलायची काही गरज नव्हती. नावं त्यांनाही दिसत होती. पण ते शब्द तोंडात आले आणि मी ते बाहेर जाऊ दिले.

निलोफर खुर्ची ओढत आली. “अगं बाई! माझ्याच सगळ्या? कालपर्यंत तर पोपटासारख्या हिरव्या होत्या.”

“कालपर्यंत तुझ्या लॅपटॉपवर होत्या,” सर म्हणाले. “आज सर्व्हरवर आहेत.”

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या गोदामावर आमचं ऑफिस होतं. माणसं एकूण सात. खिडकी उघडली की टेबलांवर पिवळी पूड बसायची, म्हणून ती कायम बंद. आम्ही अडत्यांसाठी हळदीच्या सौद्यांचं वेब ॲप्लिकेशन बनवत होतो. शेतकऱ्याच्या मालाचा लॉट त्यात चढवायचा, व्यापाऱ्यांनी घरबसल्या बोली लावायची, वेळ संपली की सौदा बंद. निलोफर अत्तार आणि मी, आम्ही दोघी ट्रेनी. आमचं काम टेस्ट लिहिण्याचं. टेस्ट म्हणजे आपण नसताना ॲप्लिकेशन वापरून बघणारा एक खोटा व्यापारी. तो आपोआप लॉगिन करतो, लॉट उघडतो, बोली लावतो आणि बोली नोंदली गेली का ते पाहतो. नोंदली गेली तर हिरवी ओळ. नाही तर लाल.

दोघींतली एकच कायम होणार होती. सरांनी ते पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, आणि तेव्हा निलोफर हसून म्हणाली होती, “म्हणजे स्वयंवरच की, सर.” सरही हसले होते. मला हसू आलं नव्हतं. मी इचलकरंजीच्या कोष्ट्यांच्या घरातली, फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेली, विद्यापीठात तिसरी आलेली. पुढे संशोधनाला जाऊ नकोस, नोकरी बघ, असं घरच्यांनी सांगितलं तेव्हा मीच पैज लावल्यासारखं म्हटलं होतं की सहा महिन्यांत कायम होऊन दाखवते. निलोफर मिरजेची, साधी बी.सी.ए. तिच्याशी माझी गाठ पडावी, यातच मला थोडा अपमान वाटायचा.

त्यात तिचं सगळं सहज व्हायचं. अण्णा मगदूम, आमचे पहिले अडते, जिना चढून आले की दारातूनच विचारायचे, “ती हसरी पोरगी कुठाय?” एकदा ती नव्हती म्हणून मी त्यांना नवं पान दाखवायला बसले. पाच मिनिटांत ते सरांना म्हणाले, “मालक, त्या दुसरीला बोलवा हो. ही बाई शिकवत न्हाई, परीक्षा घेती.” सगळे हसले. निलोफर आली, आणि अण्णा तिच्याकडून चहा संपेपर्यंत सगळं शिकले.

आणि हेल्परचं प्रकरण. प्रत्येक टेस्टमध्ये लागणारी तीच ती कामं एका जागी लिहून ठेवतात, त्याला हेल्पर म्हणतात. टेस्ट सुरू होण्याआधी खोट्या व्यापाऱ्यापुढे खोटे लॉट मांडावे लागतात. त्या बारा लॉटांची एक फाइल होती आणि ती वाचून लॉट मांडणारा हेल्पर फेब्रुवारीत सरांनी आम्हा दोघींना लिहायला सांगितला. माझा साठ ओळींचा झाला. काय काय बिघडू शकतं त्या सगळ्याचा विचार मी त्यात केला होता. निलोफरचा अकरा ओळींचा.

सरांनी दोन्ही वाचले. “सुकन्या, तुझ्यात चूक काढायला जागा नाही. पण हिचा वाचला की कळतो. इथून पुढं दोघींनी हिचाच वापरा.”

“तुझ्यातलं काही घालू का त्यात?” निलोफरनं मला नंतर विचारलं.

“नको. चांगलाय तुझा,” मी म्हटलं.

तर त्या सकाळी सर्व्हरवर सत्तेचाळीस लाल ओळी होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच तक्रार: लॉटांची फाइल सापडत नाही.

“पण फाइल तिथंच हाय की!” निलोफरनं सर्व्हरवरचा फोल्डर उघडून दाखवला. “ही काय. डोळ्यांना दिसतीय.”

“तुझ्या डोळ्यांना दिसतीय, त्याला दिसत नाही,” सर म्हणाले. “सोमवारी अण्णांचे सौदे ऑनलाइन सुरू होणार. तोवर हे निस्तरायला पाहिजे. सुकन्या, तू शोध.”

“मी शोधते की, सर,” निलोफर म्हणाली. “माझं पोर, मीच नाक पुसते.”

“आईला पोराचं नाक दिसत नसतं. हिला शोधू दे.” मग जरा थांबून ते म्हणाले, “शनिवारी दुपारी दोघी केबिनमध्ये या. तुमचंही तेव्हाच ठरवून टाकू.”

मी माझ्या जागेवर येऊन बसले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

शोधायची माझी रीत प्रयोगशाळेतली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फाइल सर्व्हरवर आहे का? आहे. तीच आहे का, की कापली गेलेली? तीच. वाचायची परवानगी? आहे. सर्व्हरचं आणि लॅपटॉपचं सॉफ्टवेअर वेगळं? थोडं होतं, ते सारखं केलं. सत्तेचाळीसचे सत्तेचाळीसच राहिले. बुधवार असा गेला.

गुरुवारी मी निलोफरला म्हटलं, “तू टेस्ट चालवतेस कशी, ते दाखव.”

“कशी म्हणजे? तुझ्यासारखीच.”

“दाखव तर.”

तिनं कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडली. आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये गेली, तिथून आत टेस्टच्या फोल्डरमध्ये, आणि तिथं उभी राहून टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या.

“आत का जातेस दर वेळी?”

“सवय गं. आमची नानी म्हणते, काय बोलायचं ते घरात शिरून बोलावं, उंबऱ्यावरनं ओरडू नये.” ती उठली. “मी खाली अण्णांकडं जाऊन येते. तुला भडंग आणू?”

“आण.”

ती जिना उतरली आणि मी तिच्या खुर्चीत सरकले. तिच्या अकरा ओळींतल्या चौथ्या ओळीत फाइलचा पत्ता होता. पत्ता असा होता की जिथं उभी आहेस तिथून समोरचा ‘नमुने’ फोल्डर, त्यात लॉटांची फाइल. एखाद्यानं ‘डावीकडे वळा, तिसरं घर’ एवढंच सांगावं तसा. कुठल्या चौकातून डावीकडे, ते त्यात नव्हतं. निलोफर नेहमी त्याच चौकात उभी असायची, म्हणून तिला घर सापडायचं. सर्व्हर मात्र उंबऱ्याबाहेर, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभा राहून टेस्ट चालवत होता.

मी तिच्या लॅपटॉपवर एक पायरी बाहेर आले आणि सगळ्या टेस्ट चालवल्या. सत्तेचाळीस लाल. आत गेले. सगळ्या हिरव्या. बाहेर आले. सत्तेचाळीस लाल, आणि त्याच सत्तेचाळीस. माझ्या एकशे सहा बाहेरही हिरव्याच होत्या. ते पाहून मला इतकं बरं वाटलं की मी मागे टेकून पंख्याकडे बघत बसले.

चौथी ओळ दुरुस्त करायला एक मिनिट लागलं असतं. मी तिची खिडकी होती तशी करून ठेवली आणि माझ्या खुर्चीत परत आले.

निलोफर भडंगाचा पुडा घेऊन आली. “अण्णा विचारत होते, सोमवारचं नक्की ना? मी म्हटलं, नक्की. खोटं बोलले की काय गं मी?” तिनं पुडा माझ्यापुढे उघडला. “काही सापडलं?”

“बघतेय अजून.”

“माझ्यामुळं अडलं तर तोंड दाखवायला जागा नाही. अब्बूंनी सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय, पोरगी कायम झाली म्हणून. मी म्हटलं, अहो, अजून व्हायचीय. तर म्हणतात, तुला न घ्यायला त्यांचं डोकं फिरलंय काय.” ती हसली, पण नेहमीसारखी नाही. “तुझ्या टेस्टकडं बघितलं की मला तुझा हेवाच वाटतो, सुकू. एक म्हणून फेल होत नाही कधी.”

मी भडंगातले शेंगदाणे वेचत राहिले. तिला माझा हेवा वाटतो, हे वाक्य मी घरी जाताना बसमध्ये कितीतरी वेळा मनात म्हणून पाहिलं.

शुक्रवारी मी तिला काही सांगितलं नाही. तिनं तिच्या टेस्ट एकेक उघडून दिवसभर वाचल्या, दोनदा सरांकडे जाऊन आली, संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून लवकर गेली.

शनिवारी दुपारी आम्ही केबिनमध्ये बसलो. केबिन म्हणजे प्लायवूडचा आडोसा. सरांनी सर्व्हरचा पडदा भिंतीवर लावला होता.

“सापडलं?” त्यांनी विचारलं.

“हो, सर. आधी दाखवते, मग सांगते.”

मी निलोफरचा लॅपटॉप जोडून मागितला. एकदा आतून चालवलं, एकदा बाहेरून. हिरवं, लाल. पुन्हा हिरवं, पुन्हा लाल. मग चौथी ओळ भिंतीवर मोठी करून दाखवली आणि उंबऱ्याची गोष्ट समजावली. नानीचं वाक्यही वापरलं. ते वाक्य माझं नव्हतं, पण तिथं छान बसलं.

“हात्तिच्या!” निलोफरनं कपाळावर हात मारून घेतला. “एवढंच? मी काल सगळा दिवस टेस्ट वाचत बसले, आणि चूक हेल्परात! कधी सापडलं तुला?”

“आत्ताच,” मी म्हटलं. “म्हणजे काल उशिरा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग चौथी ओळ तिथल्या तिथं बदलली, पत्त्याला चौकाचं नाव जोडलं. मी सर्व्हरवर टेस्ट सुरू केल्या. आमचे तिघांचे चहा पिऊन झाले तरी त्या चालूच होत्या. मग शेवटची ओळ आली. एकशे चौसष्ट हिरव्या, लाल एकही नाही.

“वा!” सर टेबलावर थाप मारून म्हणाले. “याला म्हणतात शोधणं. एक बदल, एक निष्कर्ष. निलोफर, शिकून घे. आणि सुकन्या, तुझ्या तर पहिल्यापासून एकशे सहाच्या एकशे सहा पास. मला वाटतं आता ठरवण्यासारखं फार काही—”

“सर, एक विचारू?” निलोफर म्हणाली.

ती भिंतीकडे बघत होती. बुधवारची जुनी यादी तिनं आपल्या लॅपटॉपवर शेजारी उघडली होती.

“माझ्या अठ्ठावन्न आहेत. सत्तेचाळीस फेल झाल्या, अकरा पास. त्या अकरा का पास झाल्या ते मी काल बघितलं. त्या नुसत्या लॉगिनच्या आहेत. त्यांना लॉट लागतच नाहीत.”

“मग?”

“सुकूच्या सगळ्यांना लॉट लागतात. ती पण माझाच हेल्पर वापरते. फाइल सापडत नव्हती, तर तिच्या पास कशा झाल्या?”

तिच्या आवाजात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. तिला खरंच कळत नव्हतं. गणित अडल्यावर शेजारच्या मुलीला विचारावं तसं ती विचारत होती.

“मी काळजी घेतलीय,” मी म्हटलं.

“कसली?” सरांनी विचारलं.

“हेल्पर अडखळला तर टेस्ट पडू नये याची.”

“दाखव.”

मी माझी फाइल उघडली. फेब्रुवारीत, ज्या दिवशी माझे साठ ओळींचे कष्ट बाजूला पडले, त्याच संध्याकाळी मी आणखी सहा ओळी लिहिल्या होत्या. निलोफरचा हेल्पर वापरायचा हुकूम होता, तो मी पाळला. पण तिच्या कामावर माझ्या टेस्टचा जीव टांगून ठेवायला मी तयार नव्हते. म्हणून एक आवरण केलं आणि त्याला नाव दिलं ‘सांभाळ’. माझी प्रत्येक टेस्ट, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मी त्या आवरणात घातली होती.

सरांनी त्या सहा ओळी वाचल्या. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचल्या.

“हे ‘सांभाळ’ करतं काय? तोंडानं सांग.”

“आतमध्ये काही अडलं, काही चुकलं, तर ते तिथंच थांबवतं. पुढं जाऊ देत नाही.”

“कुठं पुढं?”

“बाहेर.”

“बाहेर म्हणजे कुणापर्यंत?”

गोदामात कुणीतरी पोती ओढत होतं, त्याचा आवाज जमिनीतून वर येत होता. निलोफरनं हळूच आपला लॅपटॉप मिटला.

“बोली लावायचं बटण सापडलं नाही तर?” सरांनी विचारलं.

“ते पण... आतच राहील.”

“बोली लावली आणि नोंदलीच गेली नाही, तर?”

“सर, मी फक्त लॉटांच्या फाइलसाठी—”

“तुझा हेतू नाही विचारला. यंत्र काय करतं ते विचारतोय.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “फिजिक्सवाली ना तू? मग मोजून बघू. निलोफर, सर्व्हरवरचं ॲप्लिकेशन बंद कर. पूर्ण. लॉगिनचं पानसुद्धा उघडता कामा नये.”

निलोफर जागची हलली नाही. “सर, राहू दे की. कळलं तिला. सोमवारी अण्णांचं आहे, आपण दोघी मिळून आज दुरुस्त करून टाकतो. मी थांबते संध्याकाळपर्यंत.”

“कर म्हटलं ना.”

तिनं ॲप्लिकेशन बंद केलं. ब्राउझरमध्ये पत्ता घालून पाहिला. पांढरं पान, मधोमध एक ओळ: ही साइट उघडत नाही. सौदे नाहीत, लॉट नाहीत, बटण नाही. आता तिथं कुणी व्यापारी गेला असता, खरा किंवा खोटा, तर त्याला बंद दारसुद्धा दिसलं नसतं.

“आधी तुझ्या चालव,” सर निलोफरला म्हणाले.

तिनं चालवल्या. भिंत वरपासून खालपर्यंत लाल झाली. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न फेल.

“शाब्बास,” सर म्हणाले. “आता सुकन्याच्या.”

निलोफरचा हात कीबोर्डवर गेला आणि थबकला. तिनं माझ्याकडे पाहिलं. “नको, सर,” ती पुटपुटली. “खरंच नको.”

अठ्ठावन्न लाल ओळींचं मला काही वाटलं नसतं. सरांच्या शाब्बासकीचंही एक वेळ चाललं असतं. पण ती माझ्यासाठी रदबदली करत होती, आणि तीही मनापासून. ते मला सोसवेना. मी कीबोर्ड तिच्या हाताखालून ओढून घेतला.

“मी चालवते,” मी म्हटलं. “माझ्या आहेत.”

मी कळ दाबली. भिंतीवर ओळी भराभर वर सरकत गेल्या आणि थांबल्या. खाली बेरीज आली. सर खुर्चीत मागे टेकून म्हणाले, “मोठ्यानं वाच.”

मी वाचली. टेस्ट एकशे सहा. पास एकशे सहा. फेल शून्य. लागलेला वेळ नऊ सेकंद.